साबणाचा कीस

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मुख्य रस्त्याला लागूनच अण्णाप्पा मडवाळांची लाँड्री आहे. दुकान दहा बाय बाराचं; पण तिथून बाहेर पडलेला पांढरा शर्ट लांबून ओळखू येतो. पुढाऱ्यांची खळ घातलेली कापडं, कारखान्याच्या साहेबांच्या पँटी, लग्नघरचे फेटे, सगळं याच टेबलावरून जातं. अण्णाप्पांचं मूळ गाव निपाणीच्या पलीकडचं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. परटाचं काम पिढ्यानपिढ्यांचं. अठराव्या वर्षी ते कोल्हापुरात आले, पंचगंगेच्या घाटावर धुणी धुतली, मग दुकान टाकलं. याला आता चाळीस वर्षं झाली.

"अण्णाप्पाच्या हातनं डाग सुटला न्हाई असं कापड अजून कुणी विणलं न्हाई," असं ते गिऱ्हाइकाला सांगत. बढाई वाटली तरी ती बहुतेक खरीच होती.

त्यांची एकुलती एक लेक शांभवी. ती कापडाच्या वाटेला गेली नाही, पावसाच्या वाटेला गेली. एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन प्रकल्पात तिला काम मिळालं. घाटमाथ्यावर पाऊस कुठं, किती आणि कुठल्या वेळी पडतो ते मोजायचं. त्यासाठी जून ते सप्टेंबर ती गगनबावड्यात खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. रोज सकाळी साडेआठला कड्याजवळच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, हे तिचं मुख्य काम.

अण्णाप्पांना ते कधी नीट कळलं नव्हतं. "पाऊस मोजून काय करनार पोरी? पडायचा तेवढा पडतोयच की."

"किती पडतोय ते नको का कळायला अप्पा?"

"पूर आल्यावर कळतंयच."

यावर शांभवी हसायची आणि जेवायला बसायची.

गेल्या वर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा तिच्या अंगात निळं जॅकेट होतं. प्रकल्पाकडून मिळालेलं. दीड महिना रोज वापरून त्याची रया गेली होती. कोपरांवर तांबड्या मातीचे डाग, मानेजवळ घामाचा काळा पट्टा, आणि वास असा, की अक्काताईंनी, म्हणजे शांभवीच्या आईनं, ते चिमटीत धरून परसात नेलं.

"अप्पा, ह्याला जरा..." शांभवी काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात फोन आला आणि ती बोलत बोलत गच्चीवर गेली.

अण्णाप्पांनी जॅकेट उचललं. कापड त्यांना अनोळखी होतं. गुळगुळीत, चिवट, हातात धरलं की कुरकुरणारं. पण डाग ओळखीचे होते. लेकीचं कापड म्हणून त्यांनी दुकानातल्या मुलाला हात लावू दिला नाही, स्वतः बसले. कडक गरम पाणी, पावडर, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. कोपरांवर ब्रश मारला. शेवटच्या पाण्यात कापड मऊ करणारं सुगंधी औषध दोन बुचं जास्तच घातलं. पंख्याखाली वाळवून गरम इस्त्री फिरवली. संध्याकाळी त्यांनी जॅकेट लेकीच्या हातात दिलं तेव्हा ते नव्यासारखं दिसत होतं, आणि खोलीभर मोगऱ्याचा वास सुटला होता.

"बघ," ते म्हणाले.

शांभवीनं बघितलं. तिनं आतल्या टॅगवरून बोट फिरवलं, मग म्हणाली, "लई भारी झालंय अप्पा." सोमवारी पहाटे ते घालून ती गेली.

बुधवारी दुपारी फोन आला तो शांभवीचा नव्हता. यशराज म्हणून तिच्या कामावरचा सहकारी होता, तो बोलत होता. "काका, घाबरू नका. शांभवीला इथं ग्रामीण रुग्णालयात आणलंय. आता बरी आहे. पण तुम्ही आलात तर बरं होईल."

"काय झालं? पडली काय?"

"पडली नाही. गारठली."

अण्णाप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. कोल्हापुरात जुलैत माणूस गारठतं? त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि अक्काताईंना घेऊन गगनबावड्याची एस.टी. पकडली. चाळीस वर्षांत ते कधी तिकडे गेले नव्हते. मांडुकलीजवळ रस्त्याला पाणी लागायला आलं होतं. ड्रायव्हरनं गाडी बैलगाडीच्या चालीनं काढली.

शांभवी दोन ब्लँकेटांत गुंडाळून बसली होती. ओठ पांढरे, पण डोळे शुद्धीत. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, "ताप नाही, उलटंच आहे. अंग भिजलेलं, वर वारा, आणि चार तास उघड्यावर. अंगातली ऊब उतरत गेली. हिला बाटलीचं झाकण लावता येईना, बोलणं जड झालं. ह्यांनी वेळेत आणलं म्हणून बरं."

यशराज दाराशी उभा होता. भला मुलगा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मला ते जॅकेटचं कोडंच सुटत नाही. मागच्या आठवड्यापर्यंत थेंब आत जात नव्हता. आज अर्ध्या तासात चिंब. गोणपाटासारखं पाणी पीत होतं."

जॅकेट दारामागच्या खिळ्याला टांगलं होतं. निळं कापड पाण्यानं काळं पडलं होतं, आणि बाहीतून अजून थेंब गळत होते. अण्णाप्पा जवळ गेले. त्यांनी बाही हातात घेतली, नाकाशी नेली. मोगरा.

चाळीस वर्षं ज्या हातांनी लोकांची कापडं उजळली, त्या हातांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि ते खिशात घातले.

अक्काताई चहा आणायला गेल्यावर ते लेकीजवळ बसले. "ते मी धुतलं," ते म्हणाले.

"म्हाईत हाय की अप्पा."

"तसं न्हवं. सोडा घातला. ब्रश मारला. वासाचं औषध घातलं. कडक इस्त्री मारली. त्यानं झालं हे."

शांभवीनं ब्लँकेटातून हात बाहेर काढला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. हात अजून गार होता. "मीच सांगाय पायजे हुतं. आत टॅगवर लिवलंय सगळं. पण तुमी एवढं मन लावून केलतं, मला बोलवंना."

"टॅग," अण्णाप्पा म्हणाले. "चाळीस वर्सांत कुठल्या कापडाचा टॅग वाचला न्हाई मी."

"जाऊ द्या. दुसरं मिळंल."

"दुसरं न्हाई. हेच."

शांभवीला घरी आणलं. डॉक्टरीण बाईंनी दहा दिवस विश्रांती सांगितली होती. जॅकेटही आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाप्पांनी यशराजला फोन लावला आणि गिऱ्हाइकाशी बोलतात तशा चढ्या आवाजात विचारलं, "पावणं, मला सगळं सांगा. ते कापड काय हाय, आणि मी त्याला काय केलं."

यशराजनं समजावून सांगितलं. कापड तीन पदरी असतं. मधला पदर पाणी आत येऊ देत नाही, पण घामाची वाफ बाहेर सोडतो. वरच्या पदरावर एक लेप असतो, त्यामुळे थेंब टिकत नाही, घरंगळतो. पावडर, सुगंध, कापड मऊ करणारं औषध यांचा अंश त्या लेपावर चिकटून बसतो, आणि तो अंश पाण्याला ओढून घेतो. वरचा पदर भिजला की वाफ कोंडते, माणूस आतून घामानं आणि बाहेरून पावसानं ओला होतो.

"म्हंजे लेप गेला?"

"गेला असेलच असं नाही काका. झाकला गेला असेल. नीट धुतलं तर वर येईल. त्याचं खास लिक्विड मिळतं, पण ते मागवावं लागतं, आणि आता पुरात कुरिअर बंद आहे. जुने गिर्यारोहक शुद्ध साबणाचा कीस वापरायचे. बाकी काही नाही, नुसता साबण. आणि शेवटी थोडी ऊब द्यायची. उबेनं तो लेप परत जागा होतो."

साबणाचा कीस म्हटल्याबरोबर अण्णाप्पांना त्यांची आई आठवली. अंबूबाई निपाणीत जमीनदारांच्या घरची रेशमी लुगडी धुवायची. रेशमाला ती सोडा लावत नसे, आपटत नसे. साबणाची वडी विळीवर तासून त्याच्या पातळ पापुद्र्यांचं पाणी करायची आणि लुगडं त्यात नुसतं बुडवून ठेवायची. लहानपणी अण्णाप्पांना तो बायकी कारभार वाटायचा. पुढे पावडरी आल्या, मशिनं आली, आणि ते सगळं त्यांच्या डोक्यातून धुऊन गेलं.

शिये गावाच्या वाटेवर गणपतराव म्हणून एक गृहस्थ खोबरेल तेलाचा साबण बनवतात. अण्णाप्पा त्यांच्याकडे गेले.

"बिनवासाची, बिनरंगाची, बिनभराची वडी पायजे."

गणपतराव हसायला लागले. "अण्णाप्पा, असला साबण आता कोण मागतंय? समद्यांना वास पायजे. शंखजिऱ्याची भर न्हाई घातली तर वडी लगी झिजती, मग लोक शिव्या देत्यात."

"मला झिजणाराच पायजे."

गणपतरावांनी आत जाऊन जुन्या कापडात बांधलेल्या चार वड्या आणल्या. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या कातडीला वासाचा साबण सोसत नसे, म्हणून महिना दीड महिन्यापूर्वी घरच्यापुरत्या काढल्या होत्या. पिवळसर पांढऱ्या, कडक. अण्णाप्पांनी एक वडी नाकाशी नेली. वास असा काही नव्हताच. त्यांना तेच हवं होतं.

घरी येऊन ते किसणी घेऊन बसले.

"अवो, ती माजी गाजराची किसणी हाय!" अक्काताई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"असू दे. हलवा न्हाई व्हायचा ह्या वर्सी."

कीस पातळ, पारदर्शक पडला. पळसाच्या सुक्या पानासारखा हाताला लागत होता. त्यांनी कोमट पाण्यात तो विरघळवला, जॅकेटच्या सगळ्या चेनी लावल्या, खिसे उलटे करून झटकले, आणि कापड बुडवलं. पण फेस येईना. पाण्यावर दही फाटल्यासारखे पांढरे कण तरंगायला लागले, आणि ते निळ्या कापडावर जाऊन बसले. चार वेळा खळबळलं तरी निघेनात. वाळल्यावर जॅकेटवर पिठूळ पापुद्रा दिसत होता, आणि वरून ओतलेलं पाणी सरळ आत शिरलं.

अण्णाप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. शांभवी खोलीतून उठून परसात आली आणि पायरीवर बसली. तिनं घमेल्यातलं पाणी बोटानं ढवळलं. "अप्पा, हे पानी बोअरचं हाय न्हवं?"

"बोअरचंच की."

"मग त्यात क्षार हाईत. साबण क्षाराला मिठी मारून बसलाय. जड पानी हाय हे."

अण्णाप्पांनी कपाळावर हात मारला. जड पाणी! आई पावसाळ्यात अंगणात घंगाळं मांडून ठेवायची. रेशमाला आभाळाचं पाणी लागतं, म्हणायची. पावडरीच्या काळात पाणी कुठलंही चाललं, म्हणून पाणी बघायची सवयच मोडली.

बाहेर पाऊस लागलेला होताच. महिनाभराच्या पावसानं पत्रे धुऊन निघाले होते. अक्काताईंनी न सांगता दुधाचे दोन्ही कॅन घासले आणि पन्हाळीखाली ठेवले. तासाभरात दोन्ही भरले.

या वेळी अण्णाप्पांनी मूठभर कीस घेतला. पावसाच्या कोमट पाण्यात तो पडला मात्र, फेस घमेल्याच्या काठावर आला. बारीक, दाट, सायीसारखा. त्यात हात घातला तर हात कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. अण्णाप्पांनी बोटं एकमेकांवर फिरवली. चाळीस वर्षं सोड्यानं खरखरीत झालेली कातडी पहिल्यांदा निवली होती.

त्यांनी जॅकेट चोळलं नाही, पिळलं नाही. नुसतं दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मानेजवळचा पट्टा तळहातानं हळूच कुरवाळला. पाणी आधी पिठूळ झालं, मग राखाडी. आणि मग त्यातून मोगऱ्याचा वास वर आला. अण्णाप्पा ते पाणी ओतून देताना पुटपुटले, "जा म्हणावं."

मग विसळणं. एक पाणी, दोन, तीन. चौथ्या पाण्याला फेस दिसेनासा झाला. दुकानात ते इथंच थांबले असते. पण यशराज म्हणाला होता, काहीच मागं राहता कामा नये. अण्णाप्पांनी पाचव्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. किंचित तुरट. सहाव्यातही तसंच. सातव्यात फक्त जिभेच्या टोकाला जाणवेल एवढं. आठव्या पाण्यात काहीच नव्हतं. ते नुसतं पावसाचं पाणी होतं.

दोन दिवस जॅकेट दुकानात लाकडी हँगरवर टांगलेलं होतं. गिऱ्हाइकं विचारत, कुणाचं हाय, तर अण्णाप्पा पावती फाडून हातात देत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीची कळ फिरवत फिरवत अगदी खाली आणली, इतकी खाली ती कधी गेलीच नव्हती. जॅकेटवर सुती धोतराचं पान पसरलं आणि इस्त्री फिरवली, तापल्या अंगावरून आईनं हात फिरवावा इतक्या हलक्यानं.

मग ते जॅकेट परसात दोरीवर अडकवलं; त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती. तांब्या भरला. शांभवी आणि अक्काताई दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णाप्पांनी खांद्यावर पाणी ओतलं.

पाणी फुटलं. त्याचे मणी झाले. लहान मणी शेजारच्याला भेटून मोठे झाले आणि खांद्यावरून, पाठीवरून पळत खाली गेले. एकही थांबला नाही. पाणी गेलं त्या वाटेवर कापडाचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

"अगंऽऽ अळवाच्या पानागत," अक्काताई म्हणाल्या.

अण्णाप्पांनी दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. मग त्यांनी जॅकेटच्या पाठीची झोळी करून चार खुंट्यांना बांधली, त्यात दोन तांबे पाणी ओतलं आणि खाली कोरडा पेपर अंथरला. नाश्ता झाला, दुकानात चार गिऱ्हाइकं झाली, दुपारचं जेवण झालं. ते परसात आले आणि गुडघ्यांवर बसून पेपर चाचपला. त्यावरची शाईसुद्धा ओलसर झाली नव्हती. वर झोळीत पाणी तसंच उभं होतं, आणि त्यात ढगांचं प्रतिबिंब होतं.

"अप्पा, अजून एक दावू?" शांभवी म्हणाली.

तिनं झोळी रिकामी केली, कापड पुसलं. मग वाफाळतं पाणी भरलेल्या पातेल्याच्या तोंडावर जॅकेटची पाठ ताणून धरली, आणि वर चार बोटं उंचीवर स्टीलचं गार ताट धरलं. अण्णाप्पा वाकून बघत राहिले. हळूहळू ताटाचा खालचा पृष्ठभाग धुरकटला, मग त्यावर बारीक दव जमलं.

"ह्यातनं आली?" त्यांनी विचारलं.

"ह्यातनंच. वाफ जाती, पानी न्हाई जात."

अण्णाप्पा आयुष्यभर वाफेत उभे राहिले होते. भट्टीची वाफ, इस्त्रीची वाफ. पाणी आणि वाफ ही एकच गोष्ट आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण या कापडाला त्या दोघांतला फरक कळत होता. त्यांनी ताटावर बोट फिरवलं, ओलं बोट बघितलं, आणि पायरीवर बसले. ते म्हणाले, "कुणी केलं आसंल गं हे? कुठल्या मानसाच्या डोक्यात आलं आसंल?"

शांभवीचे दहा दिवस संपले. ती परत निघाली तेव्हा अण्णाप्पांनी जॅकेट तिच्या हातात दिलं नाही. "आदी मी घालनार," ते म्हणाले. "माज्या अंगावर भिजलं तर भिजलं. तुज्या अंगावर परत न्हाई."

शांभवीनं समजावलं, अक्काताईंनी रागावून बघितलं, पण ते ऐकेनात. दुकान कामाच्या मुलावर सोपवून ते सकाळच्या पहिल्या गाडीनं लेकीबरोबर गगनबावड्याला गेले. शांभवीनं यशराजचं जुनं जॅकेट अंगात घातलं होतं, अण्णाप्पांनी तिचं. ते त्यांना पोटावर आवळत होतं, बाह्या आखूड पडत होत्या.

कड्यापर्यंत अर्ध्या तासाची पायवाट होती. आधी पाऊस सरळ पडत होता, मग तिरका, आणि माथ्यावर पोचल्यावर तो कुठून येतो तेच कळेना. ढग जमिनीवरून चालत होते. पाच पावलांवरची शांभवी दिसायची आणि पुसली जायची. अण्णाप्पांनी डोक्यावर ओढलेल्या जॅकेटच्या टोपीवर पाऊस इतका मोठ्यानं वाजत होता की त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. ते लेकीच्या मागून चालत राहिले, आणि दर थोड्या वेळानं जॅकेटच्या आत हात घालून छाती चाचपत राहिले. कोरडी. पुन्हा चाचपली. कोरडी आणि उबदार.

"हिकडं या अप्पा, पर दगडाच्या पुढं जाऊ नका!"

माथ्यावरून एक ओढा येत होता आणि कड्यावरून खाली उडी घेत होता. निदान घ्यायला हवी होती. पण कोकणातून वर चढणारा वारा त्या पाण्याच्या खाली हात घालत होता आणि सगळा ओढा उचलून परत वर फेकत होता. पाणी कड्याच्या काठापर्यंत जायचं, खाली वाकायचं, आणि मग आभाळाकडे उभं राहायचं. पांढरा, फाटका, कारखान्याच्या धुराड्याएवढा उंच पाण्याचा खांब. तो वर जाऊन फुटायचा आणि त्याचा पाऊस परत अण्णाप्पांच्या तोंडावर यायचा.

अण्णाप्पांनी दोन्ही हात जोडले. त्यांना ते कळलंही नाही. नळाचं, नदीचं, बोअरचं, आभाळाचं पाणी त्यांनी वापरलं होतं. ते नेहमी खाली जातं, हे त्यांनी लहानपणापासून धरून ठेवलेलं होतं. इथं ते वर जात होतं, आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

"रोज असं असतंय?" ते ओरडले.

"वारा आसंल तवा!"

"आनि तू रोज हितं येतीस?"

"रोज!"

पर्जन्यमापक तारेच्या कुंपणात होतं. शांभवीनं घड्याळ बघितलं, साडेआठला कुलूप काढलं आणि आतली बाटली बाहेर घेतली. काचेच्या मोजपात्रात ती पाणी ओतायची, वाकून डोळा रेषेशी आणून आकडा वाचायची, पाणी फेकायची, पुन्हा ओतायची. वाऱ्यात तिचा हात हलत नव्हता. अण्णाप्पांनी तिच्या पाठीशी उभं राहून वारा अडवला आणि ती सांगेल तो आकडा प्लॅस्टिकच्या वहीत लिहिला. बारा वेळा.

"दोनशे चौतीस मिलिमीटर," ती म्हणाली. "कालच्या एका दिवसाचा. म्हंजे तुमच्या गुडघ्याच्या निम्म्यापतोर पानी, सगळ्या माथ्यावर."

अण्णाप्पांनी माथ्याकडे नजर फिरवली. ढग सरकले तेव्हा दिसला तेवढाच दहा एकर असेल, आणि त्याच्या पलीकडे ढगात आणखी किती.

"जातंय कुठं एवढं?"

शांभवीनं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं. "ह्या दगडाच्या ह्या अंगाला पडलं ते कोकणात. पार समुद्रापतोर जातंय. आनि ह्या अंगाला पडलं ते कुंभी नदीत. कुंभी पंचगंगेत. तुमी घाटावर धुनी धुवायचा न्हवं अप्पा? ते पानी हितलंच."

अण्णाप्पा खाली बघत राहिले. गवताच्या मुळातून बोटभर धार वाट काढत पूर्वेकडे निघाली होती. एवढीशी. ती पुढे जाऊन घाटाच्या पायऱ्यांना लागायची, आणि ते अठरा वर्षांचे असताना तिच्यात कंबरेपर्यंत उभे असायचे. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, पाणी नदीतून येतं.

ते गुडघे टेकून बसले आणि त्या धारेत बोट बुडवलं. गार होतं. मग त्यांनी ते जिभेला लावलं.

"काय लागतंय?" शांभवी हसत म्हणाली.

"काय न्हाई."

त्याच वेळी वारा क्षणभर थांबला. ढग मधोमध फाटला आणि समोर कोकण उघडं पडलं. खोल खाली हिरवी भातखाचरं, त्यांच्यावर पडलेलं ऊन, कौलांचे लाल ठिपके, एक नदी, आणि दूर जिथं आभाळ टेकलं होतं तिथं चांदीची एक बारीक रेघ.

"ती समुद्राची," शांभवी हलकेच म्हणाली. "मलाबी दोन म्हैन्यात दुसऱ्यांदाच दिसतीया."

अण्णाप्पांनी डोक्यावरची टोपी मागं सारली. त्यांना नीट बघायचं होतं. ढग पुन्हा मिटेपर्यंत बापलेक तिथंच उभे राहिले.